काळारामाचा दरवाजा आणि उलुरूचा माथा

"बाबासाहेबांनी काळारामाच्या दारात सत्याग्रह केला आणि तुम्ही एका दगडावर चढायला बंदी घातली म्हणून टाळ्या वाजवता. हा कुठला आंबेडकरवाद, दादा?"

नागपूरच्या एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला हा प्रश्न विचारला. मेलबर्न आणि सिडनीत राहणारे आम्ही सातजण, त्यात दोन लहान मुलं, जुलैच्या थंडीत मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूला जाऊन आलो होतो. चळवळीतल्या मित्रांना फोटो पाठवताना आम्ही लिहिलं होतं की माथ्यावर चढणं बंद आहे आणि ते बंद झालं हे फार बरं झालं. त्यावर हा प्रश्न आला. प्रश्न खवचट नव्हता, मनापासून विचारलेला होता. म्हणून दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायला मन तयार होईना. शिवाय हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठ्यावरून, देवळावरून, रस्त्यावरून हाकललं गेलं, त्यांना 'इथे येऊ नका' ही पाटी कुठेही दिसली तरी अंगावर काटा येणारच.

आधी जागेविषयी. उलुरू म्हणजे वाळवंटात एकटाच उभा असलेला लाल खडक. पायथ्यापासून उंची ३४८ मीटर, पायथ्याला पूर्ण फेरी मारायची तर दहा किलोमीटरहून थोडं जास्त चालावं लागतं. ही जमीन अनांगू लोकांची. त्यांच्या भाषा पित्जंत्जत्जारा आणि यांकुनित्जत्जारा. त्यांचा कायदा, त्यांच्या पूर्वजांच्या कथा, जमिनीशी वागायची रीत, नातेसंबंधांचे नियम या सगळ्याला मिळून ते 'चुकुर्पा' म्हणतात. धर्म हा शब्द त्याला अपुरा पडतो, कायदा हाही अपुरा पडतो.

१८७३ साली गॉस नावाचा एक गोरा सर्वेक्षक तिथे पोहोचला आणि त्याने खडकाला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे पुढारी हेन्री एअर्स यांचं नाव देऊन टाकलं. एअर्स रॉक. हजारो वर्षांचं नाव एका दिवसात पुसलं गेलं. पुढे १९९३ च्या डिसेंबरमध्ये सरकारने 'एअर्स रॉक / उलुरू' असं जोडनाव मान्य केलं आणि २००२ मध्ये क्रम बदलून 'उलुरू / एअर्स रॉक' केलं. ज्यांनी सोळा वर्षं नामांतराचा लढा पाहिला आणि १४ जानेवारी १९९४ ला शेवटी नामांतराऐवजी नामविस्तार पदरात घेतला, त्यांना या तिरक्या रेघेचा अर्थ समजावून सांगायला नको. आम्ही विमानातून उतरलो तेव्हा विमानतळावर अजून जुनंच नाव होतं. पाहुण्याचं पहिलं काम तिथेच सुरू होतं: उलुरू म्हणायचं. मुलांना ते पहिल्या दिवशी जमलं, मोठ्यांच्या तोंडात जुनं नाव राहून राहून यायचं आणि मुलं दुरुस्त करायची.

आता बंदीविषयी. ज्या वाटेने पर्यटक माथ्यावर चढत, ती वाट चुकुर्पातल्या माला पूर्वजांची. माला म्हणजे तिथला एक छोटा कांगारूसारखा प्राणी, आणि त्याच नावाचे ते पूर्वज. हे पूर्वज उलुरूला आले तेव्हा त्यांच्यातले पुरुष त्या वाटेने वर गेले अशी कथा आहे. म्हणून अनांगू स्वतःही तिथे सहज म्हणून चढत नाहीत. पर्यटन वाढलं तसं १९६४ मध्ये त्या वाटेवर लोखंडी साखळी ठोकली गेली. कुणी विचारलं नाही, कारण विचारायला हवं असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्या चढणीवर किमान ३७ माणसं मेली. वर संडास नव्हता, त्यामुळे लोक वरच लघवी करत आणि पाऊस आला की ती खालच्या पाणवठ्यांत उतरे. २०१० मध्ये एका परदेशी तरुणीने माथ्यावर कपडे उतरवून नाच केला आणि त्याचं चित्रीकरण जगभर फिरवलं. वर चढणाऱ्यांची रांग खालून पाहून अनांगू पर्यटकांना 'मिंगा' म्हणू लागले. मिंगा म्हणजे मुंग्या.

२६ ऑक्टोबर १९८५ ला ही जमीन कागदोपत्री अनांगूंना परत मिळाली. पण कशी मिळाली ते पाहा. १९८३ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने दिलेल्या वचनांत चढाई बंद करण्याचं वचन होतं. प्रत्यक्ष जमीन देताना ते गाळलं गेलं. पन्नास वर्षांऐवजी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जमीन पुन्हा सरकारच्या राष्ट्रीय उद्यानाला द्यायची आणि पर्यटकांची चढाई चालू ठेवायची, या अटी पुढे आल्या. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. हे वाचताना आमच्यापैकी एकाला पुणे करार आठवला. तुलना तंतोतंत नाही, पण आठवला.

मग अनांगूंनी काय केलं? तीस-बत्तीस वर्षं विनंती केली. चढणीच्या पायथ्याशी पाटी लावली: आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका. सक्ती केली नाही, साखळी तोडली नाही, दगड मारले नाहीत. पाटीसमोर उभं राहून, ती वाचून, लोक चढत राहिले. पण हळूहळू संख्या घटली. १९९० च्या दशकात येणाऱ्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक चढत. २०१० च्या आराखड्यात ठरलं की हे प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली गेलं तर बंदीचा विचार करता येईल. २०१५ पर्यंत ते सोळा टक्क्यांच्या आसपास आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळाने एकमताने ठराव केला आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून, म्हणजे जमीन परत मिळाल्याच्या वर्धापनदिनापासून, चढाई कायमची बंद झाली. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सॅमी विल्सन हे अनांगू. ही जागा डिस्नेलँडसारखं करमणुकीचं मैदान नाही, अशा अर्थाचं ते बोलले होते.

बंदीची तारीख जाहीर झाल्यावर शेवटच्या महिन्यांत काय व्हावं? चढायला झुंबड उडाली. शेवटच्या दिवशी खडकावर लांबच लांब रांग होती. त्या हंगामात चढून आलेले आपले काही मराठी लोकही आम्हाला इथल्या समारंभांतून भेटले आहेत. 'बंद व्हायच्या आत करून घेतलं' असं ते हसत सांगतात, जणू दुकानातला सेल संपायच्या आत खरेदी झाली.

आता नागपूरच्या मित्राच्या प्रश्नाकडे येऊ.

महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला होता आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचं जाहीर केलं होतं. तिथे मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, जनावरं पीत. फक्त अस्पृश्य माणसाने ओंजळ घातली की पाणी बाटे. सवर्णांनी तळं खाजगी असल्याचा दावा लावून धरला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात तो हरले. काळारामाच्या दारातही तेच. हिंदू म्हणून मोजणी करताना आम्ही हिंदू आणि दर्शनाच्या वेळी अस्पृश्य, या ढोंगाशी तो सामना होता. मूर्तीचं दर्शन मिळावं हा हेतू नव्हताच. बाबासाहेबांनी १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात हे स्पष्ट केलं आहे: दलितांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून नव्हे, तर त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो लढा होता.

म्हणजे काळारामाच्या दारात प्रश्न होता तो जन्मावरून माणसाला कमी लेखण्याचा. उलुरूवर कुणाला जन्मावरून अडवलेलं नाही. गोरा, काळा, ब्राह्मण, महार, ख्रिस्ती, नास्तिक, सगळ्यांना एकच नियम आहे, आणि नियम करणारे स्वतः तो पाळतात. पायथ्याची पूर्ण फेरी सर्वांना खुली आहे. पाणवठ्याजवळ बसता येतं, गुहांतली चित्रं पाहता येतात, उद्यानाचे रेंजर सकाळी माला वाटेने फिरवून आणतात. आमच्या सावलीने तिथे काही बाटलं नाही. अनांगू माणसाने आमच्या मुलांना जवळ बोलावून मुलगाच्या बियांचं पीठ कसं दळतात ते... इथे एक गंमत सांगितली पाहिजे: खाण्याच्या बियांचं तिथलं नाव ऐकून आमच्या मुलांनी मराठीत भलताच अर्थ काढला आणि तासभर हसत बसली. रेंजरही हसले. असो.

दुसरी गोष्ट सत्तेची. काळारामाचं दार ज्यांनी बंद केलं त्यांच्या हातात जमीन होती, शास्त्र होतं, पोलीस होते. उलुरूचा माथा ज्यांनी बंद केला त्यांच्याकडून जमीन, मुलं आणि भाषा हिसकावली गेली होती. १९३४ मध्ये याच उलुरूच्या पायथ्याशी बिल मॅकिनन नावाच्या पोलीस शिपायाने योकुनुन्ना या अनांगू माणसाला गोळी घातली, आणि पुढच्या वर्षी चौकशी होऊनही मॅकिननची नोकरी शाबूत राहिली. पर्यटकांचा मार्ग ज्या पाणवठ्यावरून जातो, त्याच परिसरातली ही घटना. १७८८ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे एडी माबो यांच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत, इंग्रजी कायद्याच्या लेखी हा अख्खा खंड कुणाचाच नव्हता. ज्याची जमीनच 'कुणाची नाही' असं ठरवलं गेलं, त्याने दोनशे वर्षांनी 'माझ्या घराच्या या खोलीत येऊ नका' म्हटलं तर आम्हाला त्यात मनू दिसत नाही. आम्हाला त्यात मालकी दिसते, उशिरा आणि अर्धीमुर्धी मिळालेली.

यापेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे आणि तो आम्हाला तिथेच पडला. पायथ्याच्या फेरीत काही ठिकाणी पाट्या आहेत: हे स्थळ पवित्र आहे, फोटो काढू नका. काही स्थळं पुरुषांच्या विधींची आहेत, काही स्त्रियांच्या. एका लिंगाचं ज्ञान दुसऱ्या लिंगाला सांगितलं जात नाही. पाहुण्यांना कथेची उघड बाजू तेवढी सांगतात, बाकीची सांगत नाहीत. आमच्यातली एक बहीण, चळवळीत वाढलेली, तिथेच म्हणाली की वेद ऐकले म्हणून शूद्राच्या कानात शिसं ओतायला सांगणारी संस्कृती आपण सोडून आलो, आणि इथे गुप्त ज्ञानापुढे मान तुकवायची?

त्या रात्री यावर बराच वाद झाला. आमचं मत असं बनलं. वेदांचं ज्ञान लपवलं गेलं ते इतरांच्या जगण्यावर हुकूम चालवण्यासाठी. ज्याला ते ऐकायची बंदी होती, त्याला ते पाळायची मात्र सक्ती होती. अनांगूंचं गुपित आमच्यावर राज्य करत नाही. आम्हाला ते न सांगितल्याने आमचा एकही हक्क जात नाही. आणि स्त्रियांचं म्हणाल तर तिथे स्त्रियांचीही स्वतःची स्थळं आहेत जिथे पुरुषाला मज्जाव आहे. 'बाईने गाभाऱ्यात येऊ नये' आणि 'हा गाभारा बायकांचा, तो पुरुषांचा' यात फरक आहे. त्यांच्या आत सगळं समतेचं आहे असं आम्ही म्हणत नाही. १९७० च्या दशकात जमीनहक्काच्या वाटाघाटींत आपल्याला कुणी विचारत नाही हे पाहून त्या वाळवंटातल्या बायकांनी १९८० मध्ये स्वतःची एनपीवाय विमेन्स कौन्सिल उभी केली. ती आजही काम करते. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या बायका तिथे आहेत, आणि तो प्रश्न कसा विचारायचा हे त्यांना मेलबर्नहून आलेल्या चार दिवसांच्या पाहुण्यांनी शिकवायची गरज नाही. आपल्याकडच्या बायांनाही बाहेरून येऊन कुणी उद्धार केलेला आवडला नव्हता. ती बहीण पूर्ण पटली असं नाही. पण दुसऱ्या दिवशी पाटी आली तेव्हा तिने सगळ्यांच्या आधी मोबाइल खिशात टाकला.

आदर करायला श्रद्धा लागत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस माला पूर्वजांवर विश्वास ठेवणार नाही, ठेवायची गरजही नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या परधर्मीय माणसाकडून आम्ही काय अपेक्षा करतो? त्याने त्रिशरण म्हणावं अशी नाही. रांगेत यावं, चप्पल काढावी, आणि घरी जाऊन 'काय ती गर्दी, काय ती घाण' असं नाक मुरडत लिहू नये, एवढीच. तेवढं उलुरूवर आम्ही करायला काय हरकत आहे?

आणि इथे आम्हाला एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण उलुरूहून परतताना आमच्या गाडीत सर्वांत जास्त बोलणं तिच्यावर झालं. उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळावर बारा सभासद असतात, त्यांपैकी आठ अनांगू. बहुमत त्यांचं. म्हणूनच बंदीचा ठराव होऊ शकला. आता बोधगयेकडे पाहा. १९४९ च्या कायद्याने महाबोधी महाविहाराच्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. तो जिल्हाधिकारी हिंदूच असला पाहिजे अशी तरतूद २०१३ पर्यंत होती. बुद्धाला जिथे ज्ञान झालं तिथे पाहुण्याने कसं वागायचं हे ठरवायला बौद्धांचं बहुमत नाही. जागा आमची आणि नियम दुसऱ्याचे, हे दुखणं ज्याला माहीत आहे तो उलुरूच्या पाटीवर चिडणार कसा?

आपल्या चळवळीत एक सूर आहे: आम्ही मूलनिवासी, ऑस्ट्रेलियातले आदिवासीही मूलनिवासी, म्हणजे आम्ही एकच. भावना समजते. पण ऑस्ट्रेलियात हा शब्द स्वतःला लावताना आम्हाला संकोच वाटतो. आर्य-अनार्य वंशाच्या सिद्धांतावर बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' मध्ये काय लिहिलं आहे ते पुन्हा वाचावं. आणि ते बाजूला ठेवलं तरी, इथे आम्ही व्हिसावर आलेले लोक आहोत. आमचा पगार, आमचं घर, मुलांची शाळा हे सगळं अशा जमिनीवर उभं आहे जी कधी विकली गेली नव्हती. भारतात आम्ही पीडित, म्हणून इथे आपोआप निर्दोष, असं गणित होत नाही. इथे आम्ही पाहुणे, तेही यजमानाला न विचारता दुसऱ्यानेच आत घेतलेले.

याचा रोजच्या वागण्याशी संबंध येतो. २६ जानेवारी हा आमचा प्रजासत्ताक दिन. तीच तारीख १७८८ मध्ये सिडनीला इंग्रजांनी झेंडा रोवल्याची, आणि १९३८ पासून इथले आदिवासी तो शोकदिन म्हणून पाळत आले आहेत. आमच्या गटाने काही वर्षांपासून ठरवलं आहे की सकाळी त्यांच्या मोर्चात जायचं आणि संविधानाचा कार्यक्रम संध्याकाळी करायचा. १४ ऑक्टोबर तर सांगायलाच नको. त्याच तारखेला २०२३ मध्ये आदिवासींना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडणारी स्थायी संस्था द्यावी की नाही यावर सार्वमत झालं. तिची मागणी २०१७ मध्ये उलुरूच्याच पायथ्याशी केलेल्या निवेदनातून आली होती. साठ टक्के लोकांनी नाही म्हटलं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी भारतीयांनी नाही म्हटलं आणि कारण दिलं, 'सगळ्यांना समान वागवा, कुणाला वेगळं काही नको.' हे वाक्य आपण मुंबई-पुण्यात आरक्षणावर इतक्यांदा ऐकलं आहे की पाठ आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची संध्याकाळ त्या वर्षी फार शांत गेली.

उलुरूपासून काही मिनिटांवर मुटिजुलू ही अनांगूंची वस्ती आहे. तिथे परवान्याशिवाय जाता येत नाही. आम्ही गेलो नाही, जायचं कारणही नव्हतं. लोकांची घरं पाहायला तिकीट काढून जायची गोष्ट नव्हे. अंदमानात जारवांच्या रस्त्यावर गाड्यांतून बिस्किटं फेकणारे पर्यटक आपल्याच देशात होऊन गेले आहेत. पण मुटिजुलूविषयी वाचायला परवाना लागत नाही. २००७ मध्ये सरकारने 'आणीबाणी' म्हणून नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांवर जो हस्तक्षेप केला, त्यात मुटिजुलू अगदी सुरुवातीला होती, आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा तेवढ्यापुरता बाजूला ठेवला गेला. खडक पाहायला आलेल्या किती लोकांना हे माहीत असतं?

जायचंच असेल तर काय, असं त्या नागपूरच्या मित्राने पुढे विचारलं, कारण त्याची बहीण ॲडलेडला शिकायला येते आहे. तर, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. मेलेल्या माणसाचं नाव आणि छायाचित्र याबाबत तिथे संकोच असतो, तो पाळावा. आदिवासी जमिनीवर दारू न्यायची नाही. दगड, वाळू काही उचलायचं नाही. उचललेले दगड लोक पुढे माफीच्या चिठ्ठ्यांसह टपालाने परत पाठवतात आणि ते कुठून उचलले हे कळत नसल्याने त्यांचं काय करायचं हा उद्यानाला नवा ताप होतो. चित्र विकत घ्यायचं तर कलाकारांच्या स्वतःच्या संस्थेतून, उलुरूला मारुकू आहे, परदेशात छापलेलं नकली बूमरँग नको. आणि प्रवेशाच्या तिकिटावर कुरकुर करू नये, त्यातला चौथा हिस्सा अनांगूंना जातो.

परवान्याचा अनुभव आम्हीही घेतला. उलुरूहून पश्चिमेला वाळवंटातून जाणारा कच्चा रस्ता आदिवासी जमिनीवरून जातो आणि त्याला आधी परवाना काढावा लागतो. आमचे अर्ज महिनाभर आधी गेले होते. निघायच्या चार दिवस आधी कळवण्यात आलं की वाटेवरच्या एका वस्तीत कुणीतरी वारलं आहे, सुतक आहे, त्या आठवड्यात बाहेरच्यांनी येऊ नये. कुणी वारलं ते सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. नकाशा पुन्हा उघडला आणि साडेचारशे किलोमीटरचा डांबरी रस्ता धरून ॲलिस स्प्रिंग्सला गेलो.